कार्प मासा कुठे चरतोय ते आधी हेरा

तळ्यावर पोचल्या पोचल्या गळ टाकू नका. पहाटे अर्धा तास नुसतं पाणी न्याहाळा. कार्प तळ उकरून खातो, त्यामुळे बारीक बुडबुड्यांचा पुंजका हळूहळू सरकताना दिसतो, तेवढंच पाणी गढूळ होतं. गळ टाकायची जागा तीच.

काहीच दिसलं नाही, तर दोरीला नुसतं शिसं बांधून लांब फेका आणि दोरी ताणून तळावरून सावकाश ओढा. टकटक हाताला जाणवली तर खडी, अलगद घसरलं तर वाळू, रुतून बसलं तर मऊ गाळ. पाणवनस्पतींच्या कडेची कडक, मोकळी जागा मला सर्वांत भरवशाची वाटते. उबदार वारा सुटला असेल तर तो ज्या काठावर आदळतो, तिथेही जरूर बघा.