शिंगरू कोणत्या रंगाचं होईल? हिशेब असा मांडा

घोडी गाभण राहिली की शिंगरासाठी साधारण 11 महिने थांबावं लागतं, पण रंगावरच्या पैजा पहिल्याच महिन्यात लागतात. लावायचीच असेल, तर कागद-पेन घेऊन लावा.

आधी आई-बापाचा मूळ रंग ठरवा. कपाळावरचा टिळा, पांढरे पाय, पंचकल्याणी हे सगळं तूर्त बाजूला. मूळ रंग तीनच. सुरंग म्हणजे अंगभर तांबूस, आयाळ-शेपटीतही काळं नाही. कुमैताचं अंग तांबूस-तपकिरी, पण आयाळ, शेपटी आणि पायांचा खालचा भाग काळा. मुश्की सगळाच काळा.

हे तीन रंग जनुकांच्या दोन जोड्या ठरवतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून. पहिल्या जोडीत ‘का’ (काळा रंग बनवणारं) किंवा ‘ता’ (तांबूस). ‘का’ वरचढ, त्यामुळे सुरंग घोडा नेहमी ता-ता. म्हणूनच दोन सुरंगांच्या पोटी मुश्की किंवा कुमैत शिंगरू आलं, तर रंगाला नव्हे, बापाला तपासा!

दुसऱ्या जोडीत ‘बां’, म्हणजे काळा रंग आयाळ-शेपटी-पायांपुरता बांधून ठेवणारं, किंवा ‘मो’, मोकळा सोडणारं. इथे ‘बां’ वरचढ. मुश्की घोडा म्हणून मो-मो. सुरंगात मात्र ही जोडी दडून राहते, कारण बांधायला काळा रंगच नसतो. बहुतेकांचे अंदाज इथेच फसतात.

आता वंशावळ काढा. समजा घोडी कुमैत आहे, तिची आई सुरंग होती आणि पूर्वी या घोडीला एक मुश्की शिंगरू झालंय. मग ती का-ता, बां-मो. नर सुरंग, पण त्याचे आई-बाप दोघेही मुश्की. म्हणजे तो ता-ता, मो-मो. मांडून पाहा: चारपैकी दोन संधी सुरंगाच्या, एक कुमैताची, एक मुश्कीची. वंशावळ माहीत नसेल, तर आयाळीचे मुळासकट उपटलेले केस जनुक चाचणीला पाठवा. ऐकीव माहितीपेक्षा ते बरं.

यावर सब्जाचं (वयाबरोबर पांढरा होत जाणाऱ्या घोड्याचं) जनुक आलं की मूळ रंग हळूहळू पुसला जातो. एक प्रत पुरते, पण आई-बापांपैकी एक तरी सब्जा हवाच. त्याच्याकडे एकच प्रत असेल, तर निम्मी संधी. असं शिंगरू जन्मतं काळं किंवा तांबूस आणि काही वर्षांत पांढरं होतं. पहिले केस झडताना पापण्यांभोवती बघा. चष्म्यासारखं पांढुरकं कडं दिसलं, तर मुश्कीची आशा सोडा.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पांढरा घोडा बघताना हेच कामी येतं. केसांखालची कातडी काळी असेल, तर तो वयाने पांढरा झालेला सब्जा. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, आणि तो जन्मापासूनच पांढरा असतो.