केगचा गॅस कुठून गळतो ते कसं शोधायचं

भरून आणलेला सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर दोन-तीन केगमध्येच (केग म्हणजे बिअर ठेवायचं १९ लिटरचं स्टीलचं पिंप) संपला, तर गळती आहे असं धरूनच चालायचं. पाच पौंडी सिलिंडरमध्ये सव्वादोन किलोच्या वर गॅस असतो. १९ लिटर बिअरमध्ये नेहमीइतका गॅस विरघळायला साधारण ९० ग्रॅम लागतो आणि ती नळापर्यंत ढकलायला आणखी ६०-७० ग्रॅम. हात सढळ असला तरी आठ-दहा केग निघायलाच हवेत.

इथे शिकागोच्या आसपास घरी बिअर करणाऱ्या आमच्या मराठी मित्रांचे मला हमखास फोन येतात, "दादा, काल काटा आठशेवर होता, आज शून्य!" सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या त्या काट्यावर गॅस किती उरलाय हे कळतच नाही. सिलिंडरमध्ये सीओटू द्रवरूपात असतो आणि द्रव शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. खोलीत २० अंशांना आठशे पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास, फ्रिजमध्ये चार अंशांना साडेपाचशेच्या आसपास. म्हणून सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवल्यावर काटा उतरला तर घाबरू नका. वजन करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन गळ्याशी 'टीडब्ल्यू' पुढे कोरलेलं असतं. आजच्या वजनातून ते आणि रेग्युलेटरचं (सिलिंडरवर बसवलेल्या, दाब कमी करणाऱ्या भागाचं) वजन वजा केलं की उरलेला गॅस कळतो. बॅगा तोलायचा हुकवाला काटा त्याला पुरतो.

आता शोध. सगळीकडे साबण फवारत सुटू नका, आणि दिसेल तो नट पान्ह्याने आवळू नका. एकेक भाग वेगळा काढून तपासा.

आधी रेग्युलेटरच्या बाहेर जाणारी चावी बंद करा, सिलिंडर पूर्ण उघडा आणि लगेच घट्ट बंद करा. आता मोठ्या दाबाच्या गेजवर काटा कुठे आहे तिथे मार्करने खूण करा. त्या जागेत गॅस इतका थोडा अडकलेला असतो की बारीक गळतीही तासाभरात काटा खाली आणते. काटा पडला, तर दोष बहुतेक सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडात. तिथला नायलॉनचा किंवा फायबरचा वायसर दर वेळी सिलिंडर भरून आणला की नवा घालावा. काही रेग्युलेटरमध्ये सील आतच बसवलेलं असतं. त्यावर आणखी वायसर घातला तर उलट तिथूनच गळतं. या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. इथे गॅस वायसर अडवतो, आटे नाही.

हा भाग पक्का निघाला की बाहेरची चावी उघडा, डिस्कनेक्ट (नळीच्या टोकाचा, केगला अडकवायचा जोड) केगला न लावता. दाब भरा, सिलिंडर पुन्हा बंद करा. आता नळ्या, क्लिपा, मॅनिफोल्ड (एक नळी अनेक नळ्यांत वाटणारा भाग) तपासले जातात. लक्ष मोठ्या दाबाच्याच गेजवर ठेवा. बारीक गळती असेल तर रेग्युलेटर आतल्या साठ्यातून भरपाई करत राहतो, त्यामुळे कमी दाबाचं गेज बराच वेळ हलत नाही आणि माणूस फसतो. डिस्कनेक्ट पाण्याच्या वाडग्यात बुडवून बघा. रेग्युलेटर मात्र कधीही पाण्यात घालू नका.

शेवटी केग. रिकामाच घ्या. ताजी बिअर स्वतःच गॅस पिते, मग दाब उतरला तो गळतीने की बिअरने, हे कळणार नाही. ३० पीएसआय भरा आणि पोस्टवर (केगच्या माथ्यावरचं तोंड, जिथे डिस्कनेक्ट बसतो) साबणाचं पाणी सोडा. इथे नीट बघा. डिस्कनेक्ट काढल्यावर मधोमध बुडबुडा आला तर पॉपेट (पोस्टच्या आतली स्प्रिंगची झडप). डिस्कनेक्ट लावल्यावरच त्याच्या कडेने फेस आला तर पोस्टवरची बाहेरची ओ-रिंग (रबरी कडी). पोस्टच्या बुडाशी, आट्यांतून फेस आला तर डिप ट्यूबची (पोस्टखाली केगमध्ये उतरणाऱ्या नळीची) ओ-रिंग. ती पोस्ट उघडल्याशिवाय दिसत नाही. उघडण्याआधी झाकणावरच्या दाब सोडायच्या झडपेची कडी ओढून सगळा दाब सोडून द्या. बारीक गळतीला मोठा बुडबुडा येत नाही, मिनिटाभराने पांढरा फेसाचा ठिपका जमतो. घाई केली की तो हुकतो.

झाकण १० पीएसआयला गळतं आणि ३० ला गप्प बसतं, कारण आतला दाबच त्याला वर दाबून धरतो. म्हणून दोन्ही दाबांवर तपासा. मोठ्या ओ-रिंगला खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ फासा, ३० ला बसवा, मग खाली आणा. जुना सोड्याचा केग घेतला असेल तर सगळ्या ओ-रिंगा बदलूनच टाका. स्वस्त असतात आणि सोड्याचा वासही जातो.

वापर नसेल तेव्हा सिलिंडर बंद ठेवा, असं पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही. गॅस वाचतो, पण केग गळतच राहतो, झाकण सैल पडतं आणि बिअर बसते.

आणखी एक. घरच्या एलपीजीला मुद्दाम वास घातलेला असतो, सीओटूला तोही नाही. हवेपेक्षा जड असल्याने तो तळघरात खाली साचतो. दहा बाय बाराच्या बंद खोलीत पाच पौंडी सिलिंडर पूर्ण मोकळा झाला तर हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर जाऊ शकतं, आणि ते जिवाला धोक्याचं आहे. डोकं जड झालं, धाप लागली, तर आधी वर या, दार उघडा.

दुरुस्ती झाली की वजन आणि तारीख टेपवर लिहून सिलिंडरला चिकटवा. आठवडाभर काही ओतू नका, नवा केगही लावू नका. वजन उतरलं, तर पुन्हा रेग्युलेटरच्या जोडापासून सुरुवात.