सॉफ्टबॉलच्या निवड चाचणीआधी क्रिकेटची सवय मोडा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बहुतेक पोरं सॉफ्टबॉलला येतात ती टेनिस बॉल क्रिकेट खेळून. नजर बसलेली असते, पण चाचणीत जुन्या सवयी नडतात. सगळ्यात वाईट म्हणजे बॅट हातात घेऊन पळणं. चेंडू मारला की बॅट खाली सोडायची (भिरकवायची नाही, मागे कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा खेळाडू असतो) आणि 60 फुटांवरच्या पहिल्या बेसकडे (धावताना पाय टेकवायच्या गादीकडे) सुटायचं. बेस जवळ आला म्हणून वेग कमी करू नका. पहिला बेस तुडवून सरळ पुढे गेलात तरी चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवरून मात्र पुढे घसरलात आणि टॅग झालात, म्हणजे चेंडू हातात धरून समोरच्यानं तुम्हाला स्पर्श केला, की बाद.

उजव्या हातानं फेकणाऱ्यानं ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा. कोरा ग्लोव्ह चाचणीलाच पहिल्यांदा काढू नका. कडक चामड्यावरून चेंडू उसळून बाहेर पडतो. आधी दोन-तीन आठवडे त्यात रोज झेल घ्या, रात्री आत चेंडू ठेवून दोरीनं आवळून ठेवा. 12 इंच घेराचा चेंडू लहान हातात नीट बसत नाही, त्यामुळे फेकीचा सराव त्याच चेंडूनं हवा.

आईवडिलांचं काम कागदांचं. आपल्याकडे शाळेचा दाखला कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत, त्यात आडनावाचं स्पेलिंग हमखास वेगळं! ते आठवडाभर आधीच जुळवून बघा. आणि मैदानाबाहेरून ओरडून सूचना देऊ नका, पोर प्रशिक्षकाकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघत बसतं.