अमेरिकेत पीए व्हायचंय? मराठवाड्यातून आलेल्यांसाठी थोडं सविस्तर

लातूर-नांदेड-परभणीकडं बीएएमएस, बीएचएमएस करून लग्नानंतर अमेरिकेत आलेल्या मुलींचे मला नेहमी फोन येतात. "ताई, फिजिशियन असिस्टंटची परीक्षा द्यायची आहे, पुस्तकं सांगा." फिजिशियन असिस्टंट म्हणजेच पीए: डॉक्टर नसतो, पण लायसन्स घेऊन रुग्ण तपासतो आणि औषधं लिहितो. पुस्तकांचं नंतर बघू. या कामात तुम्हाला काय येतं याच्या आधी तुम्हाला कशाची परवानगी आहे हे विचारलं जातं. आपल्याकडं तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेरगावी गेले की कंपाउंडर सलाईन लावतो आणि कुणी हरकत घेत नाही. ती सवय डोळ्यांनाही असेल तर ती आधी मोडा.

पीएंना सर्टिफिकेट देणाऱ्या एनसीसीपीए या राष्ट्रीय संस्थेची 'पॅन्स' ही परीक्षा थेट देता येत नाही. एआरसी-पीएची (पीए अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यालाच तिला बसता येतं. एमबीबीएस असो, बीएएमएस असो की भारतातली फिजिशियन असिस्टंटची बीएस्सी, सूट कुणालाच नाही. मधल्या वाटेनं करून देतो म्हणणारा एजंट भेटला तर एक रुपयाही देऊ नका. अभ्यासक्रम साधारण सव्वादोन वर्षांचा आणि पूर्णवेळ असतो. प्रवेशासाठी बऱ्याच कॉलेजांना काही विषय अमेरिकेतल्या कॉलेजातून केलेले लागतात, शिवाय रुग्णसेवेचे तास लागतात. ग्रामीण रुग्णालयात केलेल्या इंटर्नशिपचे तास काही कॉलेजं धरतात, काही धरत नाहीत; ईमेल करून लेखी उत्तर घ्या. एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा) शिकता येतं, पण ईएडी म्हणजे कामाचा परवाना हातात आल्याशिवाय पगारी काम करता येत नाही. म्हणून वर्षांचा हिशोब व्हिसा समोर ठेवूनच करा.

पॅन्स पास झालात म्हणजे लगेच रुग्ण तपासता येतात असंही नाही. लायसन्स राज्य देतं आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. नॉर्थ डकोटानं २०१९ मध्ये बऱ्याच पीएंसाठी डॉक्टरबरोबरच्या लेखी कराराची अट काढून टाकली. मी टेक्सासमध्ये काम करते, तिथं ती आहे, म्हणून तिथलंच नीट सांगते.

टेक्सासमध्ये औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टर तुम्हाला लेखी करारानं सोपवतो. त्या करारात दोघांचे लायसन्स नंबर, कामाची ठिकाणं, कोणत्या प्रकारची औषधं लिहिता येतील, डॉक्टर नसताना कुणाला विचारायचं, हे सगळं असतं. तुमचे केसपेपर डॉक्टरनं तपासायचे आणि दर महिन्याला बैठक घ्यायची, हेही त्यात ठरतं. वर्षातून एकदा तरी कराराची फेरतपासणी होते. नवीन नोकरीत पहिल्याच दिवशी मॅनेजर म्हणतो, "सही होईल आठवड्यात, तुम्ही रुग्ण बघायला सुरुवात करा." करू नका. सही होईपर्यंत खोकल्याचं औषधसुद्धा तुमच्या नावानं जाता कामा नये. क्लिनिकनं दुसऱ्या गावात शाखा काढली आणि तुम्हाला तिथं पाठवलं, तर त्या ठिकाणाचं नाव करारात आलंय का ते निघण्याआधी बघा.

नवीन माणूस सगळ्यात जास्त अडकतो तो शेड्यूल दोनच्या औषधांत, म्हणजे व्यसनाचा धोका मोठा म्हणून कायद्यानं कडक बंधनात ठेवलेल्या औषधांत. समजा, मनगट मोडलेला माणूस क्लिनिकमध्ये आलाय, कण्हतोय. हायड्रोकोडोन हे अफूवर्गातलं (ओपिऑइड) वेदनाशामक द्यावं असं तुम्हाला वाटतं आणि वैद्यकीय दृष्ट्या ते बरोबरही असेल. पण २०१४ पासून त्याच्या मिश्र गोळ्याही शेड्यूल दोनमध्ये आहेत, आणि टेक्सासमध्ये पीएला ही औषधं फक्त हॉस्पिटल आणि हॉस्पिसच्या (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा) ठरावीक चौकटीत लिहिता येतात. साध्या क्लिनिकमधून नाही. तुमच्याकडं डीईए नंबर (अशी औषधं लिहिण्यासाठीची केंद्राची नोंदणी) असला तरी नाही. डॉक्टरला फोन करा, त्यांनी रुग्ण बघून स्वतः लिहावं. मुलांच्या एडीएचडीवरच्या (लक्ष न लागणं, अतिचंचलता) मिथिलफेनिडेट या औषधाचंही तेच. शेड्यूल तीन ते पाचची औषधं लिहिता येतात, पण रिफिल (त्याच चिठ्ठीवर पुन्हा मिळणारं औषध) धरून ९० दिवसांच्या वर नाही. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर आधी डॉक्टरशी बोलायचं आणि बोललात हे केसपेपरवर नोंदवायचं. ओपिऑइड किंवा झोपेच्या बेंझो गोळ्या लिहिण्याआधी राज्याच्या पीएमपी नोंदीत, म्हणजे अशा औषधांच्या सरकारी नोंदीत, रुग्णाचा इतिहास बघणंही बंधनकारक आहे. क्लिनिकमधून शेड्यूल दोनची औषधं लिहायची नाहीत हा नियम मला स्वतःला जाचक वाटतो. लहान गावात डॉक्टर लांब असतो आणि वेदना रुग्णाला सोसाव्या लागतात. तो बदलावा म्हणून पीएंच्या संघटनेतून बोला. तोवर तो पाळायचाच.

आता घरातल्या गोष्टी, कारण आपली माणसं इथंच चुकतात. गणपतीच्या कार्यक्रमात ओळखीच्या वहिनी म्हणतात, "लेकराला आठ दिवस झाले खोकला, तेवढं अँटिबायोटिक पाठव की." तपासणी नाही, केसपेपर नाही, आणि तुमच्या करारात तर फक्त क्लिनिकचे रुग्ण. "उद्या क्लिनिकला घेऊन या, मी बघते," एवढंच म्हणा. वहिनी रुसतील, रुसू द्या. परभणीच्या काकांचा शुगरचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तर तो समजावून सांगा, पण गोळ्या बदलायला त्यांना तिथल्या डॉक्टरकडंच पाठवा. तुमचं लायसन्स तिथं चालत नाही.

गावाकडं सगळे तुम्हाला डॉक्टर म्हणत होते आणि तो मान तुम्ही कमावलेलाच होता. इथं मात्र रुग्णासमोर स्वतःची ओळख "मी पीए" अशीच करून द्या. रुग्ण डॉक्टर म्हणाला तर शांतपणे दुरुस्त करा, नाहीतर लायसन्स बोर्डाची कारवाई होऊ शकते. २०२१ मध्ये पीएंच्या राष्ट्रीय संघटनेनं 'फिजिशियन असोसिएट' हे नाव स्वीकारलं, ओरेगॉननं २०२४ मध्ये ते कायद्यातही आणलं. पण तुमच्या बिल्ल्यावर तुमच्या राज्याचा कायदा म्हणतो तेच हवं.

एनसीसीपीएचं सर्टिफिकेट टिकवायला दर दोन वर्षांत १०० सीएमई (नोकरीत असताना चालू ठेवायचं वैद्यकीय शिक्षण) क्रेडिट लागतात. डिसेंबरची वाट बघू नका.

शेवटचं, नोकरीच्या कराराबद्दल. मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकीबद्दलच्या दाव्यांसाठीचा) 'क्लेम्स-मेड' प्रकारचा असेल तर नोकरी सोडल्यावर आलेला दावा तो धरत नाही. त्यासाठी 'टेल' नावाचा वेगळा विमा घ्यावा लागतो आणि तो महाग असतो. तो कुणी भरायचा, हे ऑफर लेटरवर सही करायच्या आधी लिहून घ्या.