शेताचा कोपरा कसा सोडावा: सरव्याचा जुना नियम आणि आजचं ख्रिस्ती घर

भुईमूग उपटून झाला की आमच्या गावाकडं बायका खुरपं घेऊन त्याच रानात पुन्हा उतरायच्या. मालकाच्या शेंगा पोत्यात गेलेल्या असायच्या, पण तुटून मातीत राहिलेल्या शेंगा ज्याला सापडतील त्याच्या. आजीबरोबर मीही गेलेय. संध्याकाळी ओट्यातल्या शेंगा सुपात ओतताना ती म्हणायची, "आजचा सरवा बरा झाला."

हाच 'सरवा' पुढं मला मराठी पवित्र शास्त्रात भेटला, रूथच्या पुस्तकात. मध्यंतरी शहरातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाच्या मुलांना या शब्दाचा अर्थ विचारला, तर एकालाही सांगता आला नाही. शब्द गेला तरी एक वेळ चालेल, पण त्यामागचा नियम, कापणीत राहिलेलं आणि शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडायचा, तो जाऊ नये असं मला फार वाटतं. म्हणून ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही, अशा आजच्या ख्रिस्ती घरात तो कसा पाळता येईल, ते लिहून काढलं.

१. आधी मूळ नियम वाचा, घाई न करता

एका बैठकीत चार उतारे वाचा: लेवीय १९:९-१०, लेवीय २३:२२, अनुवाद २४:१९-२२ आणि मग रूथचा दुसरा अध्याय. अर्ध्या तासात होतात. वाचताना क्रियापदांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. शेताच्या कोपऱ्यापर्यंत कापू नको. पडलेलं वेचू नको. रानात पेंढी विसरलास तर आणायला परत जाऊ नको. जैतुनाचं झाड एकदा झोडपलंस की त्याच्या फांद्या पुन्हा धुंडाळू नको. द्राक्षमळा एकदा खुडलास की मागं राहिलेलं खुडू नको. ते उपरी म्हणजे परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू दे.

यात धान्य घेऊन कुणाच्या दारात जायला मालकाला सांगितलेलंच नाही. सांगितलंय ते हात आवरायला. दानधर्मावरची प्रवचनं आपण पुष्कळ ऐकतो, पण हा नियम देण्याचा कमी आणि सोडण्याचा जास्त आहे. देताना माझा हात वर असतो आणि कुणाला द्यायचं ते मी ठरवते. सोडल्यावर तो अधिकार माझ्याकडं उरत नाही. मला स्वतःला हे देण्यापेक्षा कितीतरी जड जातं.

कारणही तिथंच दिलंय: तू मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव.

कुणी म्हणेल, आपण आता मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत. खरं आहे. शिवाय हा नियम इस्राएलाच्या भूमीसाठी, तिथल्या शेतमालकांसाठी होता, त्यामुळं तो जसाच्या तसा कुणावर लादता येणार नाही. पण 'आपल्यासारखीच आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर' ही येशूनं उचललेली आज्ञा याच लेवीय १९ मध्ये, अठराव्या ओवीत आहे. कोपऱ्याच्या नियमापासून फक्त आठ-नऊ ओव्या पुढं.

२. आपलं शेत कुठवर आहे ते मोजा

कोपरा केवढा ठेवायचा, हे मोशेच्या नियमशास्त्रात कुठंही सांगितलेलं नाही. पुढं यहुदी गुरूंनी यावर बराच खल केला. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे या गुरूंच्या नियमचर्चेच्या ग्रंथात, 'पेआ' नावाचं एक प्रकरणच आहे. पेआ म्हणजे कोपरा. त्याच्या सुरुवातीलाच म्हटलंय की कोपऱ्याला माप नाही. आणि लगेच खालची मर्यादा दिलीय: साठाव्या हिश्शापेक्षा कमी नसावा. वरची मर्यादा शेताचा आकार, गरिबांची संख्या वगैरे पाहून ज्यानं त्यानं ठरवायची.

महिना तीस हजार घरी येत असतील तर साठावा हिस्सा होतो पाचशे रुपये. आकडा पाहून हायसं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण ती तळाची रेघ आहे, त्याखाली कोपरा धरलाच जात नाही.

हा दशांश नव्हे, एवढं घरात स्पष्ट असू द्या. दशांश मोजून, उचलून नेऊन द्यायचा असतो. कोपरा शेतातच उभा राहतो. आपण मंडळीत पाकीट टाकलं म्हणजे कोपराही सुटला, असा हिशेब इस्राएलात चालला नसता.

आणि शेत म्हणजे पगारच असं नाही. शिकवण्या घेणाऱ्याच्या शेतात तास पिकतात. शिलाईवालीच्या शेतात कापड आणि हात. कुणाचा शेवगा कुंपणाबाहेर वाकलेला असतो. एका कागदावर लिहून काढा: माझ्याकडं काय काय पिकतं?

३. उभ्या पिकातून सोडा, उरल्यासुरल्यातून नाही

इथं माझं एक सांगते. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींना मी कितीतरी वर्षं परवाची भाजी डब्यात घालून द्यायचे. चवळी किंचित आंबूस लागायला लागली की झाकण लावायचं आणि म्हणायचं, "मावशी, घेऊन जा, मुलांना होईल." एकदा त्यांनी झाकण उघडून वास घेतला, परत लावलं आणि डबा ओट्यावर ठेवला. "आज नको ताई." बाकी काही नाही. मी दिवसभर त्या डब्याकडं बघत होते.

कोपऱ्यातलं पीक मधल्या पिकासारखंच असायचं. तीच माती, तोच पाऊस, तेच दाणे. मालकाच्या कोठीत जाणाऱ्या सातूत आणि विधवेच्या पदरात पडणाऱ्या सातूत फरक नव्हता. म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला, हप्ते आणि किराणा जायच्या आधी, कोपरा आखून बाजूला करा. वेगळं पाकीट, वेगळं खातं, नाहीतर मग डब्याचं झाकण, काहीही. भाजीचं म्हणाल तर ताजी करतानाच वाटीभर जास्त करायची. फाटके कपडे आणि खरकटं यांना सरवा म्हणू नका.

४. विसरलेल्या पेंढीसाठी मागं फिरू नका

मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण तो शेतात उभं राहून लिहिल्यासारखा आहे. दिवसभर कापणी झाली, पेंढ्या वाहून नेल्या, घरी आल्यावर आठवलं की बांधाजवळ एक राहिली. नियम म्हणतो, राहू दे. तुझा विसर हीसुद्धा कुणाची तरी भाकरी आहे.

मिश्नातल्या गुरूंनी याचंही गणित घातलं. दोन पेंढ्या राहिल्या तर विसरलेल्या धरायच्या, तीन राहिल्या तर मालकाच्या. कणसांचंही तसंच: कापताना एक-दोन गळली तर गरिबाची, तीन गळली तर मालकाची. आणि मुठीत धरलेली कणसं काटा टोचल्यामुळं हातातून पडली, तर ती सरवा नव्हे, मालकाचीच. म्हणजे मालकानं भोळसटपणा करावा असं कुणाचं म्हणणं नव्हतं. मोठी रक्कम बुडाली तर जरूर मागा, कागदपत्रं करा.

पण लहानसहान गोष्टींत मागं फिरणं थांबवून बघा. मेथीची जुडी घेताना पाच रुपयांसाठी टोपलीवाल्या आजींशी चाललेली ती दहा मिनिटांची झटापट म्हणजे जैतुनाचं झाड दुसऱ्यांदा झोडपणंच. रिक्षाचे सुटे, शेजारणीनं नेलेली वाटीभर साखर, दोन वर्षांपूर्वी कुणाला दिलेले दोनशे. एक महिना वहीत फक्त एवढंच लिहा: आज कुठं मागं फिरले? माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात अकरा नोंदी झाल्या होत्या.

५. मजुरी आधी, कोपरा नंतर

लेवीय १९:१३ म्हणतं की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडं ठेवू नको. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. मोलकरणीचा, वॉचमनचा, पाळकांचा पगार थकवून कोपरा सोडणारा मालक नियमशास्त्राला ठाऊकच नाही. थकबाकी असेल तर ही पायरी दुसरी करा.

६. वेचणाऱ्याची मान खाली जाऊ देऊ नका

आता बेथलेहेमला या. सातूचा हंगाम सुरू झालेला. रूथ ही मवाबी, म्हणजे परकी आणि विधवा. कापणाऱ्यांच्या मागून ती वेचत येते. शेताचा मालक बवाज तिची चौकशी करतो, आणि मग त्यानं जे केलं ते मुद्द्यामुद्द्यानं पाहण्यासारखं आहे. त्यानं गड्यांना बजावलं की तिला हात लावायचा नाही. तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या भांड्यातलं पाणी पी, असं तिला सांगितलं. जेवायच्या वेळी तिला कापणाऱ्यांबरोबर बसवलं, भाकरी सिरक्यात बुडवून घ्यायला सांगितली, भाजलेले दाणे दिले, आपल्या हुरड्यासारखेच म्हणा. ती पुन्हा वेचायला उठल्यावर गड्यांना हळूच म्हणाला, पेंढ्यांमधूनसुद्धा वेचू द्या, तिला लाजवू नका. उलट मुठीतली काही कणसं मुद्दाम टाका, आणि तिला धमकावू नका.

ते हळूच टाकणं मला फार थोर वाटतं. त्याला एफाभर धान्य मोजून तिच्या पदरात घालता आलं असतं. मग चार लोकांनी पाहिलं असतं आणि रूथ 'मदत मिळालेली बाई' झाली असती. त्याऐवजी ती संध्याकाळी स्वतः वेचलेलं, स्वतः झोडपलेलं एफाभर सातू घेऊन घरी गेली. एफा म्हणजे सुमारे वीस-बावीस लिटरचं माप. एका दिवसाच्या सरव्याला हे भरपूरच.

याचं आजचं रूप काय? सगळ्यात आधी फोटो बंद. धान्याची पिशवी हातात धरून रांगेत उभी केलेली माणसं आणि मागं बॅनर, हे बवाजाच्या शेतात शोभलं नसतं. मुलाची फी भरायची असेल तर शाळेत परस्पर भरा. ओळखीच्या दुकानदाराकडं रक्कम ठेवून त्याला सांगा, अमक्या घरचं सामान यातून जाऊ दे, नाव सांगू नको. काम देणं शक्य असेल तर काम द्या आणि त्याचे रीतसर पैसे द्या.

दुसरं, निवड करू नका. मिश्ना म्हणतं, जो एकाला वेचू देतो आणि दुसऱ्याला अडवतो, किंवा त्यांच्यातल्या एकालाच मदत करतो, तो गरिबांना लुटतो. शब्द लक्षात घ्या: लुटतो. कारण तो वाटा मुळात त्यांचाच. कोपरा शेताच्या शेवटच्या टोकाला का सोडायचा, याचीही कारणं यहुदी गुरूंनी सांगितली आहेत. मालकानं गुपचूप आपल्याच गरीब नातेवाइकाला बोलावून कोपरा दाखवू नये, हे त्यातलं एक. दुसरं असं की गरिबांना दिवसभर ताटकळत बसावं लागू नये, कधी आणि कुठं यायचं ते त्यांना आधीच कळावं. ही दुसरी काळजी आपल्या मदतकार्यात क्वचित दिसते. 'पाळकसाहेब आले की वाटप होईल' म्हणून उन्हात बसवलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात.

७. मंडळीत हंगामाच्या सणाला करून पाहा

लेवीय २३ ही सणांची यादी. सप्ताहांचा सण सांगून होतो न होतो तोच मध्ये कोपऱ्याचा नियम पुन्हा येतो, आणि मग यादी पुढं चालू होते. हाच सण पुढं पेंटेकॉस्ट. यहुदी लोक या सणाला रूथचं पुस्तक वाचतात. यरुशलेमेत याच दिवशी पवित्र आत्मा उतरला, आणि प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायापर्यंत येतात तोच पहिली तक्रार उभी राहते, रोजच्या वाटणीत काही विधवांकडं दुर्लक्ष होतंय म्हणून.

आपल्याकडं हंगामाच्या सणाला लोक भोपळा, ऊस, ज्वारी, कोंबड्या, शेवया घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव रंगतो. एका अंड्यावर बोली शेकड्यात जाते, हशा पिकतो. तो आनंद घालवू नका. फक्त लिलाव सुरू व्हायच्या आधी आलेल्या मालातला चांगला हिस्सा बाजूच्या खोलीत ठेवा, दार उघडं ठेवा, आणि दाराशी वही घेऊन कुणालाही बसवू नका. कोण आत गेलं, काय नेलं, याची नोंद नको. पंचांपैकी कुणीतरी नक्की म्हणेल की एखादा गरज नसताना नेईल. नेईल. बवाजाच्या शेतातही कुणीतरी नेलं असेल.

८. वेचायची पाळी आपल्यावर आली तर

नोकरी जाते, आजारपण येतं, आणि कालचा मालक आज कापणाऱ्यांच्या मागं उभा असतो. अशा वेळी शेतात कसं जायचं हे येशूच्या शिष्यांकडून घेता येईल. भूक लागली म्हणून ते दुसऱ्याच्या शेतातून जाताना कणसं मोडून खात होते. परूश्यांनी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांनी, हरकत घेतली ती शब्बाथाची, विसाव्याच्या दिवशी काम केल्याची. चोरीची कुणी घेतली नाही, कारण हातानं कणसं मोडण्याची मुभा अनुवाद २३:२५ मध्येच होती, विळा लावायची मात्र नव्हती. तेव्हा ज्याच्याकडं विश्वासानं बोलता येईल अशा एका माणसाला सरळ सांगा, जमेल ते काम करा आणि जे मिळेल ते मान ताठ ठेवून घ्या. रूथनंही 'वेचू द्या' असं विचारलं होतं आणि सकाळपासून राबली होती. मत्तयानं येशूच्या वंशावळीत तिचं नाव लिहिलंय.

आणखी एक गोष्ट त्याच अध्यायात आहे, पटकन नजरेतून सुटते. दुपारी बवाजानं दिलेले भाजलेले दाणे रूथनं पोटभर खाल्ले आणि थोडे मागं ठेवले. संध्याकाळी सातू घेऊन ती घरी आली, ते राखून ठेवलेले दाणे काढून तिनं सासूपुढं ठेवले. नामीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आज सरवा कुठं वेचलास?"