संहत सल्फ्युरिक आम्लापासून 1 मोलर द्रावण कसे तयार करावे

प्रयोगशाळेत मिळणारे संहत सल्फ्युरिक आम्ल साधारणतः 98 टक्के तीव्रतेचे, तेलासारखे दाट आणि पाण्याच्या 1.84 पट जड असते. पाण्यात मिसळताना ते प्रचंड उष्णता बाहेर टाकते. आम्लात पाणी ओतले, तर हलके पाणी पृष्ठभागावरच राहते, तेथेच उकळते आणि आम्लाचे थेंब चेहऱ्यावर उडवते. म्हणून नेहमी पाण्यात आम्ल घालावे. हा नियम विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतला जातो, परंतु त्यामागचे कारण समजावून सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

1 मोलर म्हणजे एक लिटर द्रावणात एक मोल, म्हणजेच सुमारे 98 ग्रॅम, सल्फ्युरिक आम्ल. असे एक लिटर द्रावण करण्यासाठी सुमारे 55 मिलिलिटर संहत आम्ल लागते. संरक्षक चष्मा, आम्लरोधक हातमोजे आणि ॲप्रन घालूनच कामाला सुरुवात करावी. बोरोसिलिकेट काचेच्या मोठ्या चंचुपात्रात सुमारे 700 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घेऊन ते पात्र थंड पाण्याच्या परातीत ठेवावे. कोरड्या मोजपात्रात मोजलेले आम्ल काचकांडीच्या आधाराने बारीक धारेने सोडावे, सतत ढवळावे आणि पात्र फार तापल्यास थांबावे. द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावरच ते एक लिटरच्या खुणेच्या चंबूत ओतावे, कारण गरम द्रावण प्रसरण पावलेले असल्याने खुणेपर्यंतचे माप चुकते. चंचुपात्र विसळलेले पाणीही चंबूत घालावे, मग खुणेपर्यंत पाणी भरून, बूच लावून चंबू अनेकदा उलटासुलटा करावा. संहत आम्ल हवेतील ओलावा शोषत असल्याने तयार द्रावणाची नेमकी तीव्रता निर्जल सोडियम कार्बोनेट आणि मिथिल ऑरेंज हा रंगदर्शक वापरून अनुमापनाने, म्हणजे वजन करून घेतलेल्या कार्बोनेटशी अभिक्रिया पूर्ण व्हायला किती द्रावण लागते ते मोजून, ठरवावी.

कारखान्यातही पाण्याशी असाच जपून व्यवहार करावा लागतो. गंधक जाळून मिळालेल्या सल्फर डायऑक्साइडचे सुमारे 400 ते 450 अंश सेल्सिअसला, व्हॅनेडियम पेंटॉक्साइड या उत्प्रेरकावर, सल्फर ट्रायऑक्साइड होते. हा वायू थेट पाण्यात सोडला तर आम्लाचे धुके तयार होते आणि ते सहजासहजी शोषले जात नाही. म्हणून तो 98 टक्के आम्लातच शोषून घेतात आणि तीव्रता कायम राखण्यासाठी बेताने पाणी घालत राहतात. या आम्लाचा सर्वांत मोठा वाटा फॉस्फेटयुक्त खतांसाठी खर्च होतो. शिसे-आम्ल बॅटरीतही त्याचेच विरल द्रावण असते.

त्वचेवर आम्ल पडल्यास माखलेले कपडे तत्काळ काढून किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. त्वचेवर खाण्याचा सोडा चोळू नये. टेबलावर सांडलेल्या विरल द्रावणावर मात्र तोच सोडा, फेस थांबेपर्यंत, थोडा थोडा टाकावा.