आर्मी की एअर फोर्स हे नंतर. आधी पासपोर्ट कुठला ते सांगा

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली, की कुणीतरी काका आपल्या मुलाला माझ्यासमोर, म्हणजे अमेरिकन आर्मीतून बाहेर पडलेल्या माणसासमोर, उभं करतात. "याला कंप्युटरची आवड आहे, कॉलेजचं कर्ज नको म्हणतोय. आर्मी बरी की एअर फोर्स?" मुलगा मोबाइलमध्ये. मी त्याला एवढंच विचारतो, तू सिटिझन आहेस का? उत्तर काकाच देतात, "ग्रीनकार्ड आहे ना, ग्रीनकार्डवर घेतात."

घेतात. मलाही घेतलं होतं. त्या एका 'घेतात'पायी माझी साडेतीन वर्षं गोदामात गेली.

आम्ही मार्च २०१२ मध्ये माझ्या काकांच्या स्पॉन्सरशिपवर ग्रीनकार्ड घेऊनच इथे उतरलो, मी अकरा वर्षांचा. पाच वर्षं झाल्यावर, २०१७ मध्ये, आई-बाबांना सिटिझनशिपचा अर्ज करता आला असता. बाबा थांबले. साताऱ्याकडे आजोबांची तीस गुंठे जमीन, सातबाऱ्यावर नावं चढायची बाकी, आणि फेरफार होईपर्यंत भारतीय पासपोर्ट सोडू नका असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. ऑगस्ट २०१८ मध्ये मला अठरा पूर्ण झाली. बाबांनी फॉर्म भरला त्या दिवाळीत. आई-वडलांपैकी एकजण सिटिझन झालं आणि मूल तेव्हा अठराच्या आत, ग्रीनकार्डवर, त्यांच्याजवळ राहत असेल, तर ते मूल त्याच दिवशी आपोआप सिटिझन होतं. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. फेरफार अजून झालेला नाही.

म्हणून आधी घरातले कागद काढा. तुम्ही अठराच्या आत असताना आई किंवा बाबांनी शपथ घेतली असेल, तर तुम्ही सिटिझन असू शकता, फक्त पुरावा नाही. थेट अमेरिकन पासपोर्टचा अर्ज टाका, नाहीतर एन-६०० (सिटिझनशिपच्या दाखल्याचा फॉर्म) भरा. मला एक मुलगा असा भेटला, जो दोन वर्षं स्वतःला ग्रीनकार्डवाला समजत होता.

आता सापळा. थोडं लांबण लावतो, कंटाळू नका.

सैन्यात कंप्युटरचं म्हणून जे काही काम आहे, आर्मीचं २५ ब्राव्हो (आयटी) असो, १७ चार्ली (सायबर) असो, एअर फोर्सची सायबरची कामं असोत की नेव्हीचे आयटी, त्या सगळ्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळायची परवानगी, लागतो. कुठे सीक्रेट, कुठे टॉप सीक्रेट. कारण उघड आहे, ज्या नेटवर्कला हात लावायचा त्यावरून गुप्त माहिती फिरते. आणि क्लिअरन्स फक्त सिटिझनला मिळतो. म्हणजे ग्रीनकार्डवर भरती होता येतं, पण ज्या कामासाठी भरती होताय ते काम मिळत नाही. या दोन वाक्यांमधलं दुसरं वाक्य रिक्रूटर, म्हणजे भरती करून घेणारा सैनिक, सांगत नाही. खोटं बोलतो असं नाही, तुम्ही विचारलेलं नसतं. स्पेस फोर्स तर सिटिझनशिवाय दारातच उभं करत नाही, त्यामुळे तिथे निदान फसगत होत नाही.

भरतीच्या परीक्षेत माझा एएफक्यूटी, म्हणजे मुख्य स्कोअर, ९१ आला (हे टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहे, नातेवाइकांना सांगताना सांभाळा). टेक्निकल कामांसाठी बघतात तो एसटी स्कोअर ११८. २५ ब्राव्होला ९५ पुरतो. मी हवेत. भरतीच्या दिवशी मेप्सला (तपासणी आणि सहीचं केंद्र) पहाटे चारला उठवून नेलं, डॉक्टरांनी चवड्यावर चालायला लावलं, आणि दुपारी काउन्सेलरने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ट्रक ड्रायव्हर, स्वयंपाकी, इन्फन्ट्री आणि '९२ अल्फा, ऑटोमेटेड लॉजिस्टिकल स्पेशालिस्ट'. मी विचारलं, २५ ब्राव्हो कुठे आहे? तो म्हणाला, तुझ्या स्टेटसवर दिसत नाही. मी रिक्रूटरला फोन लावला. तो म्हणाला, ९२ अल्फा घे, 'ऑटोमेटेड' आहे, दिवसभर कंप्युटरच. सिटिझनशिप आत गेल्यावर झटकन होते, मग बदलून घे.

त्या 'ऑटोमेटेड'वर मी सही केली. काम काय, तर टेक्सासमधल्या एका तळावर गोदाम. फिल्टर, टायर, ब्रेक पॅड मोजायचे, फोर्कलिफ्ट चालवायची, आणि सोमवारी मोटरपूलमध्ये गाड्यांचं ऑइल तपासायचं. कंप्युटर होता. त्याच्यावर धूळ पण होती.

'झटकन'चं काय झालं तेही ऐका. ऑक्टोबर २०१७ पासून नियम असा होता की १८० दिवस सेवा झाल्याशिवाय एन-४२६ वर (सैन्याने द्यायचा सेवेचा दाखला) सही मिळायची नाही, आणि त्या कागदाशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मी जानेवारी २०१९ ला बेसिक ट्रेनिंगसाठी फोर्ट जॅक्सनला गेलो. सही मिळाली, अर्ज गेला, आणि २०२० च्या मार्चमध्ये कोविडने ऑफिसं बंद झाली. जुलैत पार्किंगमध्ये सहा-सहा फुटांवर उभं राहून शपथ घेतली. पुढच्याच महिन्यात कोर्टाने तो १८० दिवसांचा नियम उडवला. माझं नशीब हे असं.

तुम्ही म्हणाल, आता २०२२ पासून बेसिक ट्रेनिंग संपतानाच शपथ होते, मग काय अडलं? अडतं ते इथेच. सिटिझनशिप दहा आठवड्यांत मिळाली तरी काँट्रॅक्टवरचं काम तेच राहतं, ते आत जायच्या आधीच छापलेलं असतं. काम बदलायचं, म्हणजे रीक्लास करायचं, तर सहसा पुन्हा सही करायची वेळ येईपर्यंत थांबायचं. तेव्हाही तुमच्या कामात माणसं जास्त आणि हव्या त्या कामात जागा, दोन्ही जुळायला हवं. माझं २०२२ मध्ये जुळलं, आणखी तीन वर्षांच्या बोलीवर. माझ्याबरोबरच्या एकाचं जुळलंच नाही, तो चार वर्षं टायर मोजून बाहेर पडला.

ग्रीनकार्डला पाच वर्षं झालेली असतील, तर आधी स्वतः एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, भरा आणि शपथ होईपर्यंत सही करू नका. रिक्रूटर दर आठवड्याला फोन करेल, "ही सीट जाईल" म्हणेल. जाऊ दे. सीट एसटीच्या गाडीसारखी आहे, मागून दुसरी येते. आणि डिलेड एंट्रीत (सही झाली, पण ट्रेनिंग अजून सुरू नाही, अशा यादीत) नाव घातलेलं असेल तरी घाबरू नका, प्रत्यक्ष ट्रेनिंगला निघेपर्यंत माघार घेता येते. मला हे कुणी सांगितलं असतं तर... असो.

सल्ला कुणाचा घ्यावा? माझं मत पक्कं आहे: ज्याला तुमच्या सहीतून काही मिळत नाही त्याचा. रिक्रूटरला महिन्याचा आकडा भरायचा असतो. यूट्यूबवर गणवेशात डोळे मारणारे तर सोडूनच द्या. चार-सहा वर्षं करून बाहेर पडलेला माणूस शोधा आणि त्याला चहा पाजा.

सिटिझन असाल तर मग शाखेचं बोलू. आर्मीत कामाचं नाव काँट्रॅक्टवर येतं, ही तिची सगळ्यात मोठी चांगली बाजू. एअर फोर्समध्ये राहणं-खाणं बरं, आणि तिचं स्वतःचं कम्युनिटी कॉलेज आहे, ट्रेनिंगचे क्रेडिट धरून असोसिएट डिग्री देतं. पण तिथे बहुतेकदा पसंतीची यादी द्यावी लागते आणि यादीतलं काय पदरात पडेल ते पडेल. नुसत्या 'ओपन इलेक्ट्रॉनिक्स'वर, म्हणजे नेमकं काम न ठरलेल्या गटावर, सही करू नका. नेव्हीत आयटी म्हणजे कित्येकांना महिनोन्महिने जहाजाच्या पोटात सर्व्हर. मरीन्समध्ये आधी मरीन, मग कंप्युटर. कोस्ट गार्ड छोटं आहे, मला फारसा अनुभव नाही.

आणि २५ ब्राव्हो झालात म्हणजे हॅकर झालात असं नाही. पासवर्ड रीसेट, प्रिंटर, केबल ओढणं, कर्नलसाहेबांचा प्रोजेक्टर. पण सिक्युरिटी प्लस हे सर्टिफिकेट फुकटात होतं आणि हातात क्लिअरन्स असतो, बाहेर नोकरी देणारे त्याच दोन ओळी वाचतात. क्लिअरन्सच्या एसएफ-८६ फॉर्ममध्ये परदेशात कुणाशी नियमित संबंध आहे ते लिहावं लागतं. दर रविवारी फोन करणाऱ्या आत्याचं नावही मी लिहिलं. लपवू नका, नुसते नातेवाईक भारतात आहेत म्हणून सहसा नाकारत नाहीत, लपवलं तर मात्र नाकारू शकतात.

गोदामही अगदी वाया गेलं नाही म्हणा. आर्मीची सामानाची सिस्टिम सॅप या कंपन्यांतल्या सॉफ्टवेअरवर चालते. हिंजवडीतल्या मावसभावाला एकदा काम समजावून सांगितलं, तर तो हसत सुटला, "अरे, इथे लोक क्लासला पैसे भरतात यासाठी!"

पैशाचं पटकन सांगतो. पोस्ट-९/११ जीआय बिल, म्हणजे सैनिकांना मिळणारा शिक्षणाचा खर्च, शंभर टक्के हवं तर ३६ महिने अ‍ॅक्टिव्ह ड्यूटी लागते. त्यात सरकारी विद्यापीठाची इन-स्टेट फी पूर्ण, वर्षाला हजार डॉलरपर्यंत पुस्तकांना, आणि कॉलेजच्या झिपकोडप्रमाणे घरभाडं. सगळे क्लास ऑनलाइन घेतलेत तर भाडं देशाच्या सरासरीच्या निम्म्यावर येतं, म्हणून एक तरी क्लास वर्गात बसून करा. नोकरीत असताना ट्यूशन असिस्टन्स (सैन्याकडून फीची मदत) वापरा, क्रेडिटला २५० डॉलरपर्यंत मिळतात, जीआय बिलाला तेव्हा हात लावू नका. नॅशनल गार्डची (राज्याचं अर्धवेळ सैन्य) शनिवार-रविवारची ड्रिल या ३६ महिन्यांत धरत नाहीत. पण फक्त कॉलेजच हवं असेल, तर न्यू जर्सी गार्डमध्ये राज्याच्या कॉलेजांत सेमिस्टरला १५ क्रेडिटपर्यंत फी माफ आहे, घरी राहून. आईला हाच पर्याय आवडला असता.

आणखी एक, जे मला शपथेनंतर कळलं: परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला भारत ओसीआय (भारतीय वंशाच्यांना मिळणारं, व्हिसाशिवाय ये-जा करता येणारं कार्ड) देत नाही. आई, बाबा, ताई, तिघांकडे ओसीआय आहे. मी साताऱ्याला जायचं म्हटलं की व्हिसा.

सध्या रटगर्स विद्यापीठात शिकतोय. महिन्याच्या शेवटी व्हीएचा, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याचा, मेसेज येतो, तुम्ही अजून शिकताय का? 'येस' लिहून पाठवायचं. सलग दोन महिने राहिलं की भाडं थांबतं. माझं परीक्षेच्या गडबडीत राहिलं आणि थांबलं. तेव्हा बाबांनी भाडं भरलं आणि विचारलं, "फेरफारासारखंच आहे का रे हे?"